कळसूबाईवरची लोखंडी पाटी

माझ्या दारात हल्ली दोनच प्रकारची माणसं येतात. एक बिल्डरची, दुसरी मतं मागणारी. त्यामुळे पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी दारात उभी राहून "शामराव मयेकर इथेच राहतात का?" म्हणाली, तेव्हा मी आधी "सही मिळणार नाही" असं सांगून टाकलं.

तिचं नाव प्राची. परळच्या कुठल्याशा ट्रेकिंग क्लबची सेक्रेटरी. कळसूबाईच्या शिखरावर आम्ही बसवलेली लोखंडी पाटी गंजून गेली होती आणि तिचा क्लब तिथे ग्रॅनाइटची नवी बसवणार होता. तिने मोबाइलवर जुन्या पाटीचा फोटो दाखवला. 'लालबागचे सात गिरणी कामगार येथे पोचले. २६ जानेवारी १९७६.' खाली सात नावं, तिसरं माझं.

"बाकीच्या सहा जणांच्या घरी जाऊन आले, काका. आता तुम्ही एकटेच आहात," ती म्हणाली. "नावं बरोबर आहेत ना, एवढं बघून द्या. एकदा कोरलं की बदलता नाही येणार."

वासू परब गेला त्याला दीड वर्ष झालं. आमच्यातला तो शेवटचा. तेव्हापासून त्या दिवसांबद्दल बोलायला मला माणूस उरलेलं नाही. संध्याकाळी चिंचपोकळीच्या पुलावरून एक फेरी मारतो, मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालतो आणि घरी येऊन टीव्हीला शिव्या देतो. दिवसाचं बोलणं तेवढंच. ही पोरगी समोर बसून ऐकत होती, म्हणूनच बहुधा माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिसरं नाव खोड. मी वर गेलोच नव्हतो."

पाटी वासूने निघायच्या आठवडाभर आधीच मिलच्या वर्कशॉपमध्ये केली होती, सातही नावं कोरून. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! शेवटच्या कड्यापाशी मी एकदा खाली पाहिलं आणि खडकाला धरून तिथेच बसलो. वर देवी आहे म्हणून बाकीच्यांनी चपला तिथेच काढल्या. मी त्या राखत बसलो. दोन तास वरून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

ते उतरल्यावर मी वासूला विचारलं, "माझं नाव खोडलंस ना?"

"छिन्नी घराक ऱ्हवली," तो म्हणाला.

छिन्नी त्याच्या पिशवीतून बाहेर आलेली मला दिसत होती. बाकी पाच जणांनाही दिसत होती. कोणी काही बोललं नाही. पुढे मरेपर्यंत, संपात, भांडणात, दारू पिऊनसुद्धा, त्यांतला एकही बोलला नाही.

प्राचीने नावं उतरवलेला कागद सॅकमधून काढला. मग हळूच म्हणाली, "काका, आता कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो. "मला खोटं पाडायलासुद्धा कोणी उरलं नाही."

तिने मान हलवली. पोरगी सरळ होती. "तुम्ही म्हणाल तसं करते," म्हणत तिने कागदावरच्या माझ्या नावावर रेघ मारली आणि खात्री करायला उरलेली नावं मोठ्याने वाचू लागली.

"वासू परब, रामू जाधव, बाबल्या गावकर..."

"थांब," मी म्हणालो.

रामू आणि बाबल्याच्या मध्ये कोणीच नाही, हे मला ऐकवेना. मिलच्या गेटवर, नाक्यावर, कोणाच्याही लग्नात आमची नावं एका दमात घेतली जायची.

"राहू दे माझं नाव."

"पण तुम्हीच म्हणालात ना की..."

"खरं तेच आहे. पण ते माझ्या एकट्याचं. खोटं त्या सहा जणांनी मिळून केलेलं आहे, माझ्यासाठी. ते खोडणारा मी कोण?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. प्राचीने सॅकमधून नवा कागद काढला, सातही नावं पुन्हा लिहिली आणि कागद माझ्यासमोर धरला.

मी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "वासू परब, रामू जाधव, शामराव मयेकर, बाबल्या गावकर..." माझ्या नावाशी मी अडखळलो नाही.