बॅडमिंटन कोर्टाखालचा चिखल आणि मी

मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मित्रांनो. नाही बसला तर नाही बसला. आजवर कोणाचाच बसलेला नाही, म्हणून माझं वजन काही कमी झालेलं नाही.

मी एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे. मला दांडा नाही. मधोमध भोक असलेला, पाटापेक्षा थोडा उंच असा लोखंडाचा ठोकळा आहे मी. इमारत उभी करण्याआधी जमिनीत बोअर मारून माती तपासतात, तिथे माझं काम. तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्यावरून दोरीने मला वर ओढतात आणि जमिनीत उभ्या केलेल्या दांडीवर सोडून देतात. दांडी खाली जायला घाव जास्त लागले तर जमीन घट्ट, कमी लागले तर पोकळ. त्यावरून पाया किती खोल न्यायचा ते ठरतं. कागदावर सह्या साहेब लोक करतात, पण जमिनीशी बोलणं होतं ते माझं.

जन्म विक्रोळीचा, लोखंड ओतायच्या एका कारखान्यातला. तरुणपणी मी बोरीवलीला कातळावर असा आपटलो, की उद्यानातला बिबट्या झाडावर चढला तो दोन दिवस उतरलाच नाही. वर्सोव्याला रेतीत घाव घातला, तर पलीकडे मढच्या धक्क्यावर सुकत घातलेले बोंबील दोरीसकट उडाले. तेव्हा लोक मला तेल लावायचे, नारळ फोडायचे. मग नवी यंत्रं आली. मला एका चहावाल्याच्या बाकड्याच्या मोडक्या पायाखाली सरकवलं. कित्येक पावसाळे मी तिथे भजी खाणाऱ्यांचं ओझं वाहिलं. तक्रार केली नाही. पण एक सांगतो, बाकडं कधी डुगडुगलं नाही.

तिथून मला उचललं ते तुमच्या या मुलुंडच्या मोरपीस सोसायटीसाठी. जुनी इमारत पाडून टॉवर बांधायचा होता. खाली जमिनीत दोन मजले पार्किंग. म्हणजे भला मोठा खड्डा, आणि तोही कुंपणाच्या भिंतीला चिकटून. भिंतीपलीकडे बैठी चाळ. चाळीत नलिनीबाई राहतात, तुमच्या तळमजल्यावरच्या कुंदाआजींच्या सख्ख्या धाकट्या बहीण. जमीन पोकळ निघाली आणि तरीही खड्डा खणला, तर पहिल्या पावसात चाळ त्यात उतरणार. हे सांगायला माझ्यासारखा जाणकार लागत नाही.

नकाशावर एक बोअर तुमच्या बॅडमिंटन कोर्टावर दाखवलं होतं. मला तिथे आणून ठेवलं, आणि सेक्रेटरी मधुकरराव धावत आले.

"कोर्टाला भोक पाडायचं नाही," ते म्हणाले. "गेल्याच महिन्यात रंग दिलाय. स्पर्धा आहेत."

कुंदाआजी खिडकीतच होत्या. "अहो मधुकरराव, अख्खी बिल्डिंग पाडताय ना? मग कोर्ट काय डब्यात घालून नेणार आहात?"

बिल्डरचा माणूस नितेश हसला. "आजी, टेन्शन घेऊ नका. गेटजवळ मारतो बोअर. दहा पावलं इकडेतिकडे, जमीन तीच."

"तीच कशी असेल रे बाळा? मी लग्न होऊन आले तेव्हा इथे नाला होता. बगळे उभे असायचे. मग कमिटीने डेब्रिज टाकून बुजवला आणि वर कोर्ट केलं. त्या जाळीचा खांब दरवर्षी पावसाळ्यात कलतो, आणि यांनी पोरांना ओरडायचं, लोंबकळता म्हणून. माझ्या मोरीतून पाणी उलटं वर येतं ते काय पोरांनी सोडलं?"

"नकाशात नाला नाहीये, आजी."

"नकाशात नाही, मग पाणी खंय जातला? माझ्या नलूच्या घरात?" कुंदाआजी चिडल्या की मालवणी बोलतात. खिडकी धाडकन बंद झाली.

नितेश मजुरांना म्हणाला, "उचला रे हातोडा, गेटजवळ घ्या."

इथे, मित्रांनो, मी पेटलो. गेटजवळ मुरूम असतो. तिथे माझे भरपूर घाव लागले असते, कागदावर जमीन झकास ठरली असती, आणि त्या खोट्याला साक्षीदार मी. नाही म्हणजे नाही. मी श्वास रोखला आणि मनाच्या बळावर जड झालो. इतका जड, की चार धट्टेकट्टे मजूर नुसते बघत उभे राहिले. हात लावायची कोणाची छाती होईना. एक जण तर तोंडावर गमछा धरून थरथरत होता. भीतीने असणार.

नितेशने हात जोडले. "प्लीज, असं नका करू." मलाच म्हणाला. दुसऱ्या कोणाला म्हणणार?

ऊन चढलं तसे मधुकरराव छत्री घेऊन आले. लोखंडाला ऊन बाधत नाही, पण मान दिला म्हटल्यावर मी घेतला. दुपारपर्यंत माझ्या आजूबाजूला वालाची सालं साचली. ती कुठून आली मला ठाऊक नाही. झाडावरून पडली असतील.

शेवटी नितेश हरला. "मारा बाबांनो कोर्टावरच. वाट लागली दिवसाची."

रंग फुटला, दांडी उभी राहिली. मला हलकेच तिच्यावर टेकवलं. घाव घालायचीही गरज पडली नाही. माझ्या नुसत्या वजनाने दांडी खाली निघाली, ती थांबेचना. खालून काळं पाणी, कुजका चिखल आणि कोणाची तरी जुनी रबरी चप्पल वर आली. मधुकरराव चपलेकडे बघत राहिले. मग कलत्या खांबाकडे. मग गुपचूप तुम्हा पोरांकडे. त्या दिवसापासून तुम्हाला कोणी ओरडलं का?

आता खालचं पार्किंग रद्द झालंय. नाल्याची जुनी वाट शोधायची, पाण्याला जागा सोडायची, मगच पुढचा नकाशा, असं ठरलंय. नलिनीबाईंची चाळ जिथल्या तिथे आहे. आणि मी इथे पंपाच्या खोलीपाशी पडलोय, पुढच्या बोअरची वाट बघत. जमलं तर कोणीतरी माझा गंज पुसा.

मित्रांनो, जमिनीच्या पोटात काय आहे ते विचारल्याशिवाय तिच्यावर काही बांधू नका. आणि कोणी म्हणालं, दहा पावलं इकडेतिकडे, काय फरक पडतो, तर जड व्हा. हलू नका. मी हललो नाही. एकटा होतो, कोणाची मदत नाही, केवळ मनाच्या बळावर...

"खोटं," पोरांमधली निधी म्हणाली. "तुझ्यावर कुंदाआजी बसली होती. वालाच्या डाळिंब्या सोलत. परात मी नेऊन दिली होती."