पुठ्ठ्याची टिटवी

आठ खोकी, चार पंखे, सात जोडतारा, एकतीस स्क्रू आणि एक स्क्रू ड्रायव्हर. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एवढेच होते. संध्याकाळी साडेपाचपर्यंत खोकी रिकामी झाली, तारा जागेवर गेल्या, पंखे फिरू लागले आणि तीस स्क्रू संपले. एकतिसावा कुठे बसायला हवा होता, हे कुणालाच कळले नाही. मित्रांनो, त्या सगळ्यातून जे उभे राहिले, तो मी! माणसांमध्ये सात वर्षे हे दुधाचे दात पडण्याचे वय. आमच्यात मात्र सात वर्षांच्या संगणकाला जुना म्हणतात. तेव्हा, मी एक जुना संगणक आहे. मला मोठे खेळ खेळण्यासाठी बांधले होते, आणि ते काम मी अजून करतो.

मला बांधले ते बाबांनी आणि ताईने. ताई तेव्हा आठ वर्षांची होती. तिने माझा प्रोसेसर बसवला तेव्हा श्वास रोखून धरला होता. प्रोसेसर म्हणजे माझा मेंदू, आकाराने बिस्किटाएवढा. धाकटी भिंगरी तेव्हा दोन वर्षांची होती आणि रिकाम्या खोक्यात बसून हाका मारत होती. तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी कधी टिकत नाही.

या घरात 'नऊ सूर्यांची गाथा' नावाच्या अवकाशकथेचे साडेतीन चाहते आहेत. बाबा, ताई आणि भिंगरी हे पूर्ण तीन. आईला मी अर्धी धरतो, कारण तिने नऊपैकी एकच पुस्तक वाचले आहे, आणि तेसुद्धा ते बांधणीसाठी तिच्याकडे आले होते म्हणून. आई पुस्तकबांधणीचे काम करते. तिची कार्यशाळा म्हणजे बैठकीच्या शेजारची खोली, त्यामुळे माझ्या टेबलापर्यंत खळीचा आणि कापडाचा वास येतो. गाथेचे चाहते एकमेकांना भेटले की एकाने "आकाश मोकळं!" म्हणायचे आणि दुसऱ्याने "वाट उजळ!" असे उत्तर द्यायचे. आई जेवायला हाक मारताना म्हणते, "आकाश मोकळं, टेबल पण मोकळं करा!"

बाबा हवामान केंद्रावर निरीक्षक आहेत. केंद्र दूर डोंगरमाथ्यावर आहे. तीन महिने तिथे आणि एक महिना घरी, असे त्यांचे चालते. पण दर रविवारी चार ते सहा या वेळात ते तिथल्या लॅपटॉपवरून आणि दोघी मुली माझ्यावरून, असे तिघे मिळून गाथेच्या खेळात एक नौका उडवतात. ताई सुकाणू धरते, भिंगरी तोफा सांभाळते आणि बाबा नकाशा वाचतात. नौकेचे नाव टिटवी. आकाश कोसळू नये म्हणून पाय वर करून झोपते, तीच ती टिटवी. नाव बाबांनी ठेवले. ते म्हणाले, "एवढीशी असून आभाळ पेलायची हिंमत करते. आपल्याला हेच नाव पाहिजे."

ते दोन तास हे माझे सर्वांत आवडते काम होते. माझ्या ध्वनिवर्धकातून बाबांचा आवाज येई. "ताईसाहेब, डावीकडे उल्का!" "दिसतेय हो बाबा!" "दिसतेय तर धडकताय कशाला?" मग तिघेही हसत. हिशोबवह्या, गृहपाठ, पत्रे हे सगळे मी आठवडाभर करत होतो, पण माझे चारही पंखे मनापासून फिरत ते रविवारी.

गेल्या सुट्टीत भिंगरीने ठरवले की, आत टिटवी उडते तर बाहेरून मी टिटवीसारखा दिसायला हवा. आईकडून तिने पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे आणि सरस मागून घेतला. चौसष्ट तुकडे कापले, चिकटवले, वरून रुपेरी कागद लावला. सहा आठवडे लागले. मग एक दिवस तिने ते सगळे कवच माझ्यावर टोपीसारखे उतरवले. समोर चोच, वर पाठ, दोन्ही बाजूंना पंख. शेजारची मुले बघायला आली. बाबांनी फोटो पाहून केंद्रावरच्या आचाऱ्यालासुद्धा दाखवला. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मी हुरळून गेलो. जवळजवळ सात वर्षे काळी पेटी म्हणून जगलेल्याला एकदम नौका म्हटले तर कुणीही हुरळेल.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, खेळ सुरू होऊन बावीस मिनिटे झाली असताना मी बंद पडलो.

पटकन, दिवा विझावा तसा. पुन्हा सुरू केले तेव्हा बाबा म्हणत होते, "अरे, मी एकटाच आकाशात घिरट्या घालतोय. चालक कुठे गेले?" पुन्हा एकोणीस मिनिटांनी मी बंद. मग सतरा.

पुढचे दोन रविवारही तसेच गेले. दोन तासांपैकी तीन जणांच्या वाट्याला तुकडे येऊ लागले. दोघी भांडू लागल्या. "तूच काहीतरी नवीन डाउनलोड केलंस." "मी? तूच त्याच्यावर सरबत सांडलं असशील!" भिंगरीने गाथेतला इंजिनाची समजूत काढायचा मंत्र माझ्यासमोर अकरा वेळा म्हटला. वीजवाल्याने येऊन भिंतीतली जोडणी तपासली आणि ती ठीक असल्याचे सांगितले. ताईने मैत्रिणीकडून वीजपुरवठ्याची पेटी उसनी आणून मला बसवली. मी तेवीस मिनिटे चाललो. ताई टाळ्या वाजवणार होती, तेवढ्यात बंद पडलो.

आणि वेळ थोडा होता. गाथेच्या वाढदिवसाला त्या खेळात महामोहीम असते. सलग तीन तास उडून औषधांचा काफिला नवव्या सूर्यापर्यंत पोहोचवायचा. नौकेतला एक जण जरी तुटला, तरी ती नौका मोहिमेतून बाद. यंदा तो दिवस रविवारी येत होता. बाबांनी सहकाऱ्याशी पाळी बदलून तीन तास मोकळे करून घेतले होते. "त्यासाठी मी त्याच्या दोन पहाटपाळ्या करणार आहे," ते म्हणाले. "तेव्हा यंत्राचं बघा बरं का."

मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. वाटेत चेमटेल म्हणून भिंगरीने कवच हळूच काढून पलंगावर ठेवले. दुकानातल्या काकांनी मला उघडले आणि पहिलेच वाक्य टाकले, "यात एक स्क्रू कमी आहे." ताई लाजून लाल झाली. काकांनी आपल्या डबीतला एक स्क्रू माझ्या मेंदूवरच्या पंख्याला लावला, मग मला गाथेचा खेळ लावून दिला आणि इतर कामांना लागले. मी सहा तास चाललो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा तास.

"तब्येत ठणठणीत आहे," काका म्हणाले. "डॉक्टरकडे आलं की पोरांचं पोट दुखायचं थांबतं ना, तसं झालंय."

सगळ्यांना वाटले, तो स्क्रूच दोषी होता. मला वाजतगाजत घरी आणले. भिंगरीने कवच चढवले, स्वतः मागे सरकून मला सलाम केला, खेळ लावला. बावीस मिनिटे. बंद.

मित्रांनो, मला कारण माहीत होते. माझ्या अंगात तापमान मोजणारी यंत्रे आहेत. मेंदू शंभर अंशांवर गेला की मी स्वतःला बंद करतो. नाही केले तर जळून जाईन. आकडे माझ्याकडे तयार होते. पण कुणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

त्या संध्याकाळी ताईने बाबांना फोन केला. तिचा आवाज रडवेला होता. बाबांनी धीर द्यायच्या ऐवजी काम दिले. "वही घे. दुकानात चालतो, घरी चालत नाही. मग दुकानात आणि घरात फरक काय काय आहेत, ते लिही. एका वेळी एकच फरक बदल. बाकी सगळं तसंच ठेव. आम्ही इथे ढगांचंसुद्धा असंच करतो."

ताईने अकरा फरक लिहिले. टेबल, खोली, खिडकी, तार, पडदा, असे सगळे. तीन दिवस ती एकेक बदलत गेली आणि समोर मिनिटे लिहीत गेली. बावीस, एकवीस, बावीस, बावीस. त्या यादीत कवच नव्हतेच. ते लिहायचे कुणाच्या मनातही आले नाही. त्यांच्या लेखी ती टिटवी होती, आणि टिटवी म्हणजे मी.

शुक्रवारी आई हात पुसत कार्यशाळेतून आली. तिने सहज माझ्या पाठीवरचा रुपेरी कागद चिमटीत धरला. तो अलगद सुटून वर आला.

"हे कुणी उचकटलं?"

"कुणी नाही," भिंगरी म्हणाली. "आपोआप सुटतंय."

"माझा सरस आपोआप सुटत नाही, बाई. जुनं पुस्तक उसवायचं असलं की मी त्याला गरम वाफ देते, तेव्हा कुठे सुटतो." आईने तळहात माझ्या पाठीवर ठेवला आणि झटकन मागे घेतला. "अगं ताई, याला ताप आहे!"

ताईने लगेच पडद्यावर तापमानाचे पान उघडले. ते पान सात वर्षांत पहिल्यांदाच कुणी उघडत होते. सत्त्याण्णव. तिने दोन्ही हातांनी कवच उचलले. सहा मिनिटांत मी एकाहत्तरवर आलो. तिने कवच पुन्हा ठेवले. मी चढू लागलो. तिने ते पुन्हा काढले आणि वहीत बारावी ओळ लिहिली.

मला वाटले, आता आनंदीआनंद होईल. पण भिंगरी टेबलाखाली जाऊन बसली होती.

"म्हणजे मीच त्याचा गळा दाबत होते," ती म्हणाली.

"वेडे, तुला काय माहीत," ताई म्हणाली. "याचं नाक कुठे आहे ते माझ्याच लक्षात आलं नाही. समोरून हवा आत, वरून बाहेर. दोन्ही आपण बंद केलं."

"मग टाकून द्या ते. आणि टिटवी नसेल तर मी पण नाही येणार रविवारी."

मोहीम परवावर आली होती, आणि तोफा सांभाळणारीच टेबलाखाली. आई खाली वाकली. ती तशीच जमिनीवर बसून राहिली. मग खालून आवाज आला.

"आई, नौका नवीकोरी असली म्हणजे ती कधी लढायला गेलीच नाही, असं ना?"

"असेल बाई. तुमच्या गाथेत काय असेल ते."

"गाथेत सगळ्या चांगल्या नौकांना उल्का लागलेल्या असतात. आरपार भोकं असतात. तुझ्याकडे भोकं पाडायचं ते असतं ना, हातोडीने मारायचं?"

आई हसू दाबत उठली आणि कार्यशाळेतून पोकळ पंचांची पेटी घेऊन आली. "बोला सेनापती. केवढी उल्का हवी?"

शनिवारचा दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत मजेचा दिवस होता. आई पुठ्ठा लाकडावर धरी, भिंगरी हातोडी मारी, ताई मोजे. चाळीस भोके झाल्यावर कवच माझ्यावर ठेवून खेळ लावला. एक्क्याण्णव अंश. "आणखी मार!" नव्वद भोके. त्र्याऐंशी. "ही उल्का चोचीत लागली," भिंगरी ओरडली, "आणि ही शेपटीत! टिटवी तरी पडली नाही!" एकशे त्रेचाळीसला आईचा लाकडी ठोकळाच दुभंगला, म्हणून तिथे थांबले. सत्त्याहत्तर. मग भिंगरीने प्रत्येक भोकाभोवती काळा आणि तपकिरी रंग लावून जळल्याच्या खुणा केल्या. शेजारची मुले पुन्हा बघायला आली आणि या वेळी जास्त वेळ थांबली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला रंगवा, सजवा, त्याला नौका म्हणा, हत्ती म्हणा, आम्हाला आवडते. फक्त हवेची वाट सोडा. मागे चार बोटे जागा ठेवा, महिन्यातून एकदा धूळ झटका. आणि तो बंद पडला, तर त्याला चापट मारण्याआधी एकदा तळहात ठेवून बघा. आम्ही सांगत नाही, पण आम्हाला विचारले की खरे तेच सांगतो.

रविवारी दुपारी तीन वाजता ताईने सुकाणू धरले. भिंगरी उशी घेऊन तोफांपाशी बसली. आई दोरा ओवत मागच्या खुर्चीत बसली, आणि "मी नुसती बसलेय हं" असे दोनदा म्हणाली.

"आकाश मोकळं!" ध्वनिवर्धकातून बाबांचा आवाज आला.

"वाट उजळ!" दोघी ओरडल्या. तिसरा आवाज मागच्या खुर्चीतून आला.

बाविसाव्या मिनिटाला ताईने ओठ चावला. भिंगरीने डोळे मिटले. तेविसावे मिनिट आले. "बाबा, तुम्ही आहात?" "आहे की. तुम्ही आहात का?" "आहोत!" पहिल्या तासाला उल्कांचा पट्टा लागला, दुसऱ्या तासाला मागची तोफ गेली, आणि शेवटच्या अर्ध्या तासात आई उभी राहून "डावीकडे! अगं डावीकडे!" असे सांगत होती. तिच्या सुईतला दोरा कधीच निसटला होता. नववा सूर्य पडद्यावर उगवला तेव्हा भिंगरी खोलीभर फिरत होती आणि बाबा तिकडे आचाऱ्याला हाका मारत होते.

ताईने वही ओढली, तापमानाचे पान उघडले आणि लिहिले: सलग तीन तास सात मिनिटे. कमाल तापमान अठ्ठ्याहत्तर अंश.