पाण्याचं माप

"अहो, मला काय गाय केलीत?" मित्सुए म्हणाली.

तात्सुझो तिच्या पिशवीला पितळी घंटा बांधत होता. जपानच्या उत्तर टोकाला शिरेतोकोच्या रानात तळ्यांकडे जाणाऱ्या पायवाटेवर अस्वलं फिरतात, घंटेचा आवाज आला की बाजूला होतात. दुकानात ती भाड्यानं मिळत होती, पण यानं विकत घेतली. हाचिनोहेच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यात पंप दुरुस्त करण्यात याचा जन्म गेला. नवे बूट घेण्याआधी जुने दोनदा शिवून आणणारा माणूस. मित्सुएनं घंटेकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे पाहिलं.

इस्पितळात डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. तुमच्या बायकोच्या पोटात गाठ आहे, पसरलीय, हिवाळा निघाला तर निघाला. तिला सांगू नका, धीर सुटतो. त्या काळी सगळे डॉक्टर असंच सांगत आणि सगळे नवरे ऐकत. बाहेर येऊन तो तिला म्हणाला, अल्सर आहे. घरी जाताना फळवाल्याकडून त्यानं लाकडी पेटीतलं महागडं खरबूज घेतलं, लोक आजाऱ्याला बघायला जाताना नेतात तसलं. मग जन्मात पहिल्यांदा रजा टाकली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरचे समुद्रकाठचे उंच कडे दाखवायला तिला उत्तरेला घेऊन आला. तिला कळू द्यायचं नाही, एवढंच त्याला सांभाळायचं होतं, आणि ते आपण चोख सांभाळतोय अशी त्याची समजूत होती. नवऱ्यांची असते.

पहिल्या तळ्यापाशीच ती बसली. पुढची तळी पण अशीच असणार, म्हणाली. संध्याकाळी मुक्कामाच्या सराईत खेकडा आला, मासा आला, सुपाची वाटी आली. तिनं जेवायच्या काड्या नुसत्या हातात धरून ठेवल्या. वाढणारी बाई पाठमोरी झाली की तात्सुझो मित्सुएच्या ताटातलं भराभर खाऊन टाकी. जेवत का नाही असं बाईनं विचारू नये म्हणून, आणि खरं तर ते भरलेलं ताट त्यालाच बघवत नव्हतं. खेकड्याची चव काही त्याला कळली नाही.

दुसऱ्या दिवशी ते बोटीत बसले. कडे जवळ आले, झाडं लाल-पिवळी झाली होती, वारा बोचत होता. कर्ण्यावरून अस्वलीण दिसल्याचं सांगितलं गेलं. ओढ्याच्या मुखाशी ती पिल्लांसकट मासे धरत होती. सगळी माणसं त्या बाजूला धावली. तात्सुझोही उठला, तेवढ्यात मित्सुएनं त्याची बाही धरली.

"तांदूळ धुताना घाई करायची नाही," ती म्हणाली. "पाणी पांढरं यायचं थांबलं की पुरे."

"अगं, अस्वल बघ. पिल्लं आहेत."

"दिसतायत. हात द्या इकडे." कारखान्यातला पांढरा सुती हातमोजा तिनं त्याच्या हातातून ओढून काढला. "तळहात तांदळावर सपाट ठेवायचा. मी मनगटाच्या हाडापर्यंत पाणी घेते. तुमचा पंजा केवढा! तुम्ही तेवढं घेतलंत तर नुसती खळ होईल." तिनं जरा विचार केला आणि त्याच्या पंजावर आडवं नख दाबलं. "इथपर्यंत."

"हे आत्ता कशाला? घरी तू आहेसच की."

"धडधाकट बायकोला कुणी पेटीतलं खरबूज घेतं का हो?"

तात्सुझो पुन्हा तिच्या शेजारी बसला. इतके दिवस आपण एकटेच हे ओझं वाहतोय असं त्याला वाटलं होतं. तिनंही ते वाहिलं, तेसुद्धा त्याच्यापासून लपवून.

"अल्सर आहे," तो कसाबसा म्हणाला. "बरा होईल."

"हो, अल्सरच आहे. पण भात तर लागेल ना तुम्हाला? सांगा बघू, पाणी कुठपर्यंत?"

त्याला रडू आलं. नाक पुसून त्यानं पंजावर बोट टेकवलं. "इथपर्यंत."

"बरोबर."

माणसं जागेवर परतली. शेजारच्या बाईनं हळहळून विचारलं, तुम्ही बसूनच राहिलात, काही दिसलं तरी का? मित्सुएनं मान लववली आणि छान दिसलं म्हणून सांगितलं. बोट बंदराकडे वळली तशी ती डोळे मिटून त्याच्या खांद्याला टेकली. पिशवीची घंटा बोटीच्या हेलकाव्याबरोबर किणकिणत होती.

हातमोजा खिशातच राहिला. गुडघ्यावरचा हात गारठून गेला होता. नखाची खूण पुसट होत चालली होती. तात्सुझोनं दुसऱ्या हाताचं नख त्याच जागी टेकवलं आणि जोरात दाबलं.