एकशेवीसच्या पुढचा खिळा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि लातूरच्या एका दवाखान्यात उभा राहून मी दोन वर्षं खोटं बोललो. खोटं बोलायला तोंड लागतं असं तुम्हाला वाटत असेल. मला एक सुई पुरली.

पायाखाली जाड पत्रा, वर गोल तबकडी, शून्यापासून एकशेवीस किलोपर्यंत आकडे, आणि सुईनं पुढे जाऊ नये म्हणून शेवटी एक छोटा खिळा, असा मी कारखान्यातून बाहेर पडलो. भूकंप झाला त्या वर्षी मदतीच्या सामानात मीही आलो. पत्र्याच्या शेडमध्ये दवाखाना होता. घाबरलेली लेकरं माझ्यावर उभी राहायची, आणि किलोभर वजन वाढलं की त्यांच्या आया माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या. तेव्हापासून मला गर्व चढला. मी दाखवीन ते खरं, असं सगळेच मानत होते.

शेडमागे सगळ्यांसाठी भाकरी थापायला रेणापूरहून नागुबाई आली होती. एकदा गंमत म्हणून ती माझ्यावर चढली. एक्कावन्न किलो. "वारं सुटलं तर उडून जाशील गं!" म्हणून बाया तिला चिडवत होत्या.

पुढे शेडमधले तरुण डॉक्टर रेणुकादास यांनी लातुरात दवाखाना टाकला आणि मला सोबत नेलं. शहरात क्लासेस निघाले, परगावची मुलं खोल्या करून राहू लागली, आणि नागुबाईनं त्यांच्यासाठी मेस काढली. मुलगी विशाखा झाली, त्यानंतर तिचं वजन चढतच गेलं. साखर आली, गुडघे गेले. माझी सुई ऐंशी, शंभर, एकशेदहा करत एके दिवशी खिळ्याला टेकली.

दवाखान्याची रीत अशी होती की कंपाउंडर निवृत्ती आकडा मोठ्यानं सांगायचा, कार्डावर लिहायचा, आणि डॉक्टर कार्ड बघायचे. माझ्याकडे ते कधी वाकत नसत. "एकशेवीस!" निवृत्ती म्हणाला. पुढच्या महिन्यात एकशेवीस. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. "म्होरं आकडाच न्हाई, तर लिहू काय?" असं तो एकदा पुटपुटला आणि लिहून मोकळा झाला. तेच माझं खोटं.

मग एका सकाळी नागुबाई धापा टाकत डॉक्टरांसमोर बसली.

"साहेब, सोलापूरला दाखवून आले. पोट लहान करायचं ऑपरेशन होतंय म्हणे. पण नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी पायजे. किती वर्षं वजन हाय, काय इलाज केले, समदं लिहून द्या."

डॉक्टरांनी कार्ड चाळलं. "अहो नागुबाई, दोन वर्षं वजन जागच्या जागी आहे. चांगल्या पोटावर सुरी कशाला फिरवून घेता? भात बंद करा, चाला. मेस तुमचीच, हात आवरत नसेल!" आणि ते हसले. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो, पण त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

"भात सोडून वरीस झालं," ती म्हणाली. "आडवं पडलं की जीव घुसमटायलाय. परवा दुपारी भाजी निवडता निवडता डोळा लागला, तर श्वासच थांबला. विशाखानं गदागदा हलवून उठवलं. बारावी हाय तिची. पोरगी पुस्तक सोडून माझ्या छातीकडं बघत बसायली."

चिठ्ठी मिळाली नाही. ती आणखी दोनदा आली. तिसऱ्या वेळी माझ्यावर उभी असतानाच तिनं डॉक्टरांच्या टेबलाची कड घट्ट धरली. "मी मेल्यावर लिहून देता का?"

"कार्डावर दिसतंय ते मी कसं नाकारू?" डॉक्टर म्हणाले. त्या क्षणी माझी सुई मोडून पडावी असं मला फार वाटलं. पण ती खिळ्याला चिकटून राहिली.

बाकावर तिचा भाऊ केरबा बसला होता. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करण्यात त्याचा जन्म गेलेला. तो उठून माझ्यापुढे उकिडवा बसला. "ताई, ह्याची सुई अडायली," तो म्हणाला. "चल माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी केरबा आणि विशाखाला सोबत घेऊन आलेल्या नागुबाईनं डॉक्टरांसमोर मोंढ्यातली एक पट्टी, म्हणजे वजनाची पावती, ठेवली. तुरीची पोती जोखतात त्या काट्यावर ती भर बाजारात उभी राहिली होती. 'माल' या रकान्यात लिहिलं होतं, नागुबाई. वजन, एकशेसत्तेचाळीस किलो.

"लोकं बघायले होते, साहेब," ती म्हणाली. "पर तिथं पोत्याचं वजन खरं धरतेत. माझं कुणीच धरंना."

डॉक्टरांनी निवृत्ती आणि केरबा, दोघांनाही एकदम माझ्यावर उभं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्यापुढे वाकले. एकशेवीस! कुणीही हसलं नाही.

मग त्यांनी पानभर चिठ्ठी लिहिली. दोन वर्षांच्या नोंदी आपल्याकडून चुकल्या, हेही लिहिलं. "नागुबाई, माझं चुकलं," म्हणत त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली. तिनं कागद आधी विशाखाला वाचायला दिला. साहेबांवरचा तिचा भरवसा उडाला होता.

माझ्या जागी नवा काटा आला, आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो. मला तेच योग्य वाटलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, आणि वर्षभरानं नागुबाई आली. "मला त्या जुन्यावरच उभं ऱ्हायचंय," ती म्हणाली. डॉक्टरांनी स्वतः मला बाहेर ओढलं आणि वाकून पाहिलं. सुई थरथरत एकशेसातवर आली आणि आपली आपण थांबली. नागुबाई मोठ्यानं रडली. मला रडता आलं असतं तर मीही रडलो असतो.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या डॉक्टर व्हाल. त्यासाठीच तर या गावात येता. कुणी पुन्हा पुन्हा सांगत असेल की मला त्रास होतोय, तर आमच्यासारख्यांवर विसंबू नका. स्वतः वाका, आणि सुई कुठे अडली आहे का ते बघा. आपलं दुखणं खरं ठरवायला कुणा बाईला पुन्हा तुरीच्या काट्यावर उभं राहायला लावू नका.