बिबट्याने सोललेली तसबीर

मी एक तसबीर आहे. कापडावर नाही, ओकच्या जाड फळीवर रंगवलेली. समुद्रापलीकडच्या फ्लेमिश मुलखात, शेकडो वर्षांपूर्वी एका चिताऱ्याने मला काढलं. माझ्यावरची पांढऱ्या टोपीतली ही बाई कोण, ते त्याने कुठेच लिहिलं नाही. पुढे शिपायांनी ते शहर पेटवलं. कुणीतरी मला जळत्या घरातून ओढून काढलं, म्हणून वाचले.

मालक बदलत गेले. शेवटी एका इंग्रज जंगलसाहेबाने मला एटापल्लीकडच्या रानातल्या विश्रामगृहात टांगलं. तो वाघ मारायचा आणि त्यांची मुंडकी माझ्या शेजारी लावायचा. साहेब गेला, मुंडक्यांना कसर लागली. मी राहिले.

आता इथे चौकीदार मुखरू आणि त्याची बायको बुधरी राहतात. मला पुसताना बुधरी बोलायची, "काऊन वं बाई, दिवसभर अशी पाहून राह्यते? डोळे नाई दुखत तुह्ये?"

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मुखरू व्हरांड्यात मोहफुलं निवडत बसला होता. बिबट्या मागून आला. मुखरूने मान वाचवायला हात आडवा घातला. दात हातात रुतले. बिबट्या त्याला फरफटत पायऱ्यांकडे नेऊ लागला.

बुधरी आतून धावली. कुऱ्हाड परसात होती. हाताला मीच लागले. खिळ्यासकट उपटून तिने मला बिबट्याच्या तोंडावर हाणलं.

"सोड! सोड माह्या मानसाले!"

त्याने मुखरूला सोडलं आणि माझ्यावर पंजा मारला. कपाळापासून हनुवटीपर्यंत रंग सोलून निघाला, फळी तडकली. त्याचं नख लागून बुधरीच्या मनगटातून रक्त उडालं, ते माझ्यावर सांडलं. तरी तिने मला सोडलं नाही. चौकटीचा कोपरा तिने त्याच्या डोळ्यात घातला, पुन्हा घातला. तेव्हा कुठे तो किंचाळत बांबूत शिरला.

मुखरूचा हात कोपरापासून कापावा लागला. पण तो जगला.

दवाखान्यातून परतल्यावर बुधरीने मला पाहिलं आणि झटकन मान फिरवली.

मुखरू म्हणाला, "चुलीत घालू का हिले?"

"नाई," ती म्हणाली. "राहू दे. पन तोंड तिकडं कर."

तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. बुधरी माझ्या मागून झाडून जाते, बोलत नाही. तुम्ही कधी इथे मुक्कामाला आलात, तर उत्सुकतेपोटी मला वळवू नका. तिला पाहवेल त्या दिवशी तीच वळवेल.