ओडेसाबाईंचा मुलगा

"ऊठ त्या बाकावरून," चर्चचे कारभारी डीकन होझिया ब्रँच म्हणाले. आवाज चढवायची त्यांना गरजच पडली नाही. चर्चमधली सगळी मंडळी तशीही गप्प होती.

ल्यूशियस पेटवे ऑर्गनपुढच्या बाकावरून उठला नाही. पुढ्यात आईची, ओडेसाबाईंची, शवपेटी उघडी होती. याच ऑर्गनवर तिने त्याची बोटं धरून त्याला सूर शिकवले होते. मेम्फिसच्या या चर्चमध्ये तो वाजवायला लागला की म्हाताऱ्या बायका उभ्या राहून रडायच्या. मग त्याने आईच्याच एका आवडत्या गीताची चाल उचलली, प्रभूच्या जागी एका बाईचं नाव घातलं आणि 'सोल' ढंगाच्या प्रेमगीताची रेकॉर्ड काढली. ती न्हाव्यांच्या दुकानांत वाजली, गुत्त्यांत वाजली, पार शिकागोपर्यंत पोचली. पाळकांनी भर उपासनेत त्याला मंडळीतून काढायचा ठराव मांडला. ठरावाच्या बाजूने पहिला हात वर झाला तो आईचा. पुढच्या रेकॉर्डींना कुणी विचारलं नाही. गुत्त्यांतून गाऊन गाऊन त्याच्या आवाजात खरखर आली, आणि लोक ती खरखर ऐकायलाच येऊ लागले.

"एकच गीत वाजवतो, काका. मग जातो."

"दारुड्यांपुढं वाजवणारे हात घेऊन इथं आलास?"

"हात तिनंच घडवलेत."

पहिल्या बाकावरून त्याची थोरली बहीण लव्हीनिया बोलली, "तिचं नाव तोंडात घेऊ नकोस. मी तिचं हगमूत काढत होते, तेव्हा तू चकचकीत कोट घालून नाचत होतास."

"आलो होतो, ताई. तूच दारात अडवलंस."

"तिनं सांगितलं होतं अडवायला."

 त्यासाठी आजवर ल्यूशियस बहिणीलाच शिव्या घालत आला होता. त्याने मान खाली घातली आणि आईचं तेच आवडतं गीत वाजवायला सुरुवात केली.

पहिली ओळ संपायच्या आत ब्रँचनी भिंतीतला ऑर्गनचा प्लग उपटला. सूर घसरत घसरत विझला. मागे कुणीतरी हसलं.

ल्यूशियस नुसत्या गळ्याने गात राहिला. या वेळी प्रभूच्या जागी त्याने प्रभूचंच नाव घेतलं. एरवी इथे प्रत्येक ओळीला सगळं चर्च उत्तर द्यायचं. आज साधं 'आमेन' कुणी म्हटलं नाही. शेवटचं कडवं संपवून त्याने आईच्या कपाळाला हात लावला आणि बाजूच्या दाराने तो बाहेर पडला.

आत पाळकांनी खूण केली. गायकवृंदाने तेच गीत पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

ल्यूशियस गाडीला टेकून ऐकत राहिला. दुसऱ्या ओळीत वरच्या पट्टीतल्या बायका नेहमीसारख्या मागे पडल्या. उन्हाने तापलेल्या गाडीच्या टपावर ऑर्गनवर फिरावीत तशी फिरणारी त्याची बोटं त्यांच्यासाठी थांबली, आणि त्या आल्यावर पुढे सरकली.