पेढे आधीच वाटले

तेजलला नोकरी लागली शुक्रवारी आणि गेली सोमवारी. मधल्या वेळात पेढे वाटून झाले.

मुलाखत विंचूरला होती, फळांचा रस काढणाऱ्या एका कारखान्यात. लॅबमध्ये एकच जागा. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्याला वर्ष उलटलं होतं, आणि त्या वर्षात तेजलने कंपन्यांची नुसती गेटं पाहिली होती. जिकडे जावं तिकडे एकच विचारणा, अनुभव किती? अहो, कुणी आत घेतलं तर अनुभव येईल ना! पंचवटीत नातेवाईक येता-जाता टोचायचे, "काय गं, अजून घरीच?" वडिलांनी तर निक्षून सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर सिन्नरच्या स्थळाला होकार कळवायचा. सिन्नरचा तो मुलगा तिला फोटोतसुद्धा आवडला नव्हता.

विंचूरच्या साहेबांनी विचारलं, "ॲसिड पातळ करायचं तर कसं कराल?"

"पाणी आधी घ्यायचं, सर. त्यात ॲसिड हळूहळू सोडायचं. ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही. उसळून तोंडावर येतं, डोळे जातात."

साहेब खूश झाले. म्हणाले, "निम्म्या पोरांना एवढंही येत नाही. सोमवारी या, रुजू व्हा. तोवर बोभाटा नको."

पण उज्वलाला, म्हणजे तेजलच्या आईला, हे कुणी पटवायचं? "बोभाटा कसला त्यात? देवापुढं तरी ठेवू का नको?" असं म्हणत तिने पेढ्यांचा बॉक्स आणला. देवापुढून तो शेजारी गेला, शेजारून गल्लीत. वर्षभर खाली मान घालून हार विकले होते बाईने. पोरगी लागली म्हटल्यावर ती गप्प बसते होय!

यादवरावांकडे मात्र तेजलनेच जायचं ठरलं. थोरामोठ्यांना पेढा द्यायचा तो पाया पडून, ही घरची रीत. आणि यादवराव म्हणजे तसे थोरच. फुलबाजारात कुणी कुठे बसायचं ते त्यांच्या शब्दावर चाले, आणि ओळखी थेट वरपर्यंत. उज्वलाची टोपलीसुद्धा त्यांच्याच ओट्यावर.

"अरे वा! नाव काढलंस पोरी," यादवरावांनी डोक्यावर हात ठेवला. मग मायेने चौकशी. कंपनी कुठली, साहेब कोण, रुजू कधी? वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तेजलला असं कौतुकाने विचारत होतं. सगळं सांगितलं तिने, साहेबांच्या आडनावासकट. अंगणात त्यांचा भाचा चंदर गाडी धूत होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात रुतून बसलेला. त्यालाही तिने एक पेढा दिला.

सोमवारी एसटीने ती विंचूरला पोचली, इस्त्रीचा ड्रेस चुरगळू नये म्हणून सारा रस्ता उभी राहून. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, ती जागा भरली."

"अहो, मीच आहे ती!"

शेवटी साहेब बाहेर आले. तिच्याकडे न बघता बोलले, "वरून फोन आला. माझ्या हातात काही नव्हतं. तुम्हाला म्हटलं होतं ना, बोभाटा नको." त्यांच्यामागे काचेपलीकडे पांढरा कोट घालून चंदर उभा होता. कोटाची बटणं वरखाली लागलेली.

घरी येऊन तेजल ढसाढसा रडली. "जा ना आई, विचार ना त्यांना!" आई काही उठली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "विचारून काय करू? उद्या टोपली कुठं मांडू?"

दिवेलागणीला यादवराव स्वतःच आले. सोबत चंदर, हातात पेढे. दुकान तेच, बॉक्सही तसाच. चंदर उज्वलाच्या पाया पडला आणि त्या माऊलीने, काय करणार, "मोठा हो" म्हटलं.

"तेजल, तुझ्यामुळं कळलं गं जागा आहे ते," यादवराव हसत म्हणाले. "पोराला घर चालवायचं असतं. तुझं काय, सिन्नरचं स्थळ सोन्यासारखं आहे. घे, तोंड गोड कर."

तेजल जागची हलली नाही. तिला तो बॉक्स त्यांच्या तोंडावर मारावासा वाटत होता.

"घे गं," आई दबक्या आवाजात म्हणाली. "उगाच तोंड वाकडं करू नको."

तिने पेढा घेतला, खाल्ला.

मग चंदर खाजगीत बोलावं तसा पुढे सरकला. पोरगा स्वभावाने वाईट नव्हता, हेच तर वाईट. "तेजलताई, जरा शिकवता का? साहेब म्हणाले, उद्या ॲसिड पातळ करून दाखव. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"शिकवेल की! घरचंच पोर आहे," आई घाईघाईने म्हणाली. यादवरावांनी मान डोलावली. आता ओटा पक्का राहणार होता.

तेजलने चंदरकडे नीट पाहिलं. पेढ्याचा कण त्याच्या ओठाला चिकटला होता. डोळे मोठे होते त्याचे, भाबडे.

"सोपं आहे," ती म्हणाली. "आधी ॲसिड घ्यायचं. भांडं भरून."

"बरं. मग?"

"मग वरून पाणी ओतायचं. भसकन. आणि वाकून बघायचं, रंग बदलतो का."

"आधी ॲसिड, मग पाणी, मग वाकून बघायचं," चंदरने शाळेतल्या पोरासारखं घोकलं. "पक्कं ना ताई?"

"पक्कं."

"बघा भाऊ, किती छान सांगते," उज्वला म्हणाली आणि तिने समाधानाने पदराने तोंड पुसलं. यादवरावांनी उठता उठता पुन्हा तेजलच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली ती पाया पडायला वाकली, अगदी रीतीप्रमाणे. मग त्यांना सोडायला दारापर्यंत गेली, आणि चंदर गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तिथेच उभी राहिली. तिने त्याला हाक मारली नाही.